उद्यमबागेशेजारचा विभाग : एका औद्योगिक अभियांत्रिकी अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेचे प्रकरण

बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या औद्योगिक व उत्पादन अभियांत्रिकी विभागापुढे काही वर्षे एकच प्रश्न पुन्हापुन्हा येत होता : ही शाखा चालू ठेवायची की बंद करायची? या विभागाच्या अभ्यासमंडळावर उद्योगक्षेत्रातील बाहेरचा सदस्य म्हणून मी त्या चर्चेत होतो. त्या काळात जे ठरले, जे ठरले नाही आणि ज्या कारणांनी ठरले, त्याची ही सविस्तर नोंद आहे. महाविद्यालयाचे, कारखान्यांचे आणि माणसांचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. नावापेक्षा परिस्थिती महत्त्वाची आहे, आणि ती सीमाभागातील आणखी दोन-चार विभागांना सहज ओळखू येईल.

विभागाची बाह्य स्थिती थोडक्यात सांगता येते. महाविद्यालय विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असून त्याला स्वायत्तता मिळालेली होती. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बेळगावातच आहे. त्याआधी इथली अभियांत्रिकी महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेली होती. स्वायत्त महाविद्यालयाला विद्यापीठाच्या चौकटीत राहून आपला अभ्यासक्रम आपणच आखता येतो, मात्र पदवी विद्यापीठाचीच असते. या प्रकरणात ही गोष्ट निर्णायक ठरली, कारण नुसत्या संलग्न महाविद्यालयाला पुढे वर्णन केलेले बदल करताच आले नसते.

शाखेत साठ जागा होत्या आणि त्या भरत नव्हत्या. राज्याच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थी आधी संगणकाशी संबंधित शाखा घेतात, मग इलेक्ट्रॉनिक्स, आणि काहीच उरले नाही तर यांत्रिकी किंवा औद्योगिक. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढून टाकल्यावर हा ओढा अधिकच वाढला, कारण व्यवस्थापनाला एका बाजूची रिकामी बाके दुसऱ्या बाजूला हलवणे सोपे झाले. जे विद्यार्थी येत होते ते मुख्यतः खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव तालुक्यातील गावे आणि सीमेपलीकडच्या चंदगडचे होते. त्यांच्यापैकी बरेच जण मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेले होते. शाखा त्यांनी आवडीने निवडली नव्हती. मिळाली म्हणून घेतली होती.

या शाखेचा आणि या गावाचा संबंध मात्र जुना आहे, आणि तो कुणी विद्यार्थ्यांना सांगत नव्हता याचे मला फार वाईट वाटत आले आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले, आणि बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभारली. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे १९०९ साली, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात ह्यूगो डीमर यांच्या पुढाकाराने औद्योगिक अभियांत्रिकीचा पहिला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कारखान्यातील काम कसे चालते, वेळ कुठे जातो, माल कुठे अडतो, माणसाला काय त्रास होतो, याचा पद्धतशीर विचार करणारी ही विद्या विद्यापीठात आली ती कारखान्यांच्या रेट्यामुळे. भारतात भारतीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था १९५७ साली स्थापन झाली, आणि १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत 'एनआयटीआयई' ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, जी २०२३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे ही विद्या सरकारी संस्थांच्या वाटेने आली. त्यामुळे कारखान्याशी तिची नाळ जोडणे हे प्रत्येक विभागाचे स्वतःचे काम राहिले, आणि पुष्कळ विभागांनी ते केले नाही.

दोन प्रस्ताव

अभ्यासमंडळापुढे दोन प्रस्ताव आले. पहिला प्रस्ताव शाखेचे नाव बदलण्याचा होता. नावात कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा किंवा रोबोटिक्स यांपैकी काही आले की पालकांचे लक्ष जाईल, दोन-तीन विषय बदलले की काम होईल, आणि प्रयोगशाळेसाठी एक रोबोटचा हात विकत घेता येईल, असा त्यामागचा विचार होता. दुसरा प्रस्ताव एका तरुण प्राध्यापिकेने मांडला. तिचे म्हणणे असे की नाव आहे तेच ठेवावे, पण तिसऱ्या सत्रापासून आठव्या सत्रापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती किंवा होनगा या औद्योगिक वसाहतींतील एकाच कारखान्याशी सलग जोडावे आणि सिद्धांताचे विषय त्या कारखान्यात सापडणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने शिकवावेत.

माझे मत पहिल्यापासून दुसऱ्या बाजूने होते. संगणकीय विश्लेषण शिकवावेच, त्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. परंतु ज्या फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, वाळूची आर्द्रता वहीत लिहिली जात नाही, तिथे विश्लेषणाला खाद्य कुठून मिळणार? आधी मोजायला शिकले पाहिजे, आणि मोजण्याआधी कामाच्या जागी उभे राहायला शिकले पाहिजे.

पहिल्या प्रस्तावाच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार होता, तो नोंदवणे न्यायाचे आहे. विभागप्रमुख म्हणाले की विद्यार्थी आलेच नाहीत तर उत्तम अभ्यासक्रम कुणासाठी? त्यांच्यावर वेतनाची आणि नोकऱ्यांची जबाबदारी होती, आणि एक शाखा बंद पडते तेव्हा तिच्यातील प्राध्यापकांना इतर शाखांत गणित किंवा आरेखन शिकवत दिवस काढावे लागतात, हे त्यांनी इतरत्र पाहिले होते. निर्णय लगेच झाला नाही. एक वर्ष, सात-आठ विद्यार्थी, एक फौंड्री, अशी मर्यादित चाचणी घ्यावी आणि मग पुन्हा बसावे, एवढेच ठरले.

फौंड्रीतील वर्ष

बेळगाव हे ओतकामाचे मोठे केंद्र आहे. इथल्या फौंड्र्यांत पंप, व्हॉल्व्ह, मोटारी आणि हायड्रॉलिक यंत्रणा यांचे भाग ओतले जातात आणि बरेचसे काम कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू येथील ग्राहकांसाठी होते. चाचणीसाठी निवडलेली फौंड्री मध्यम आकाराची होती. ओल्या वाळूचे मोल्डिंग (साचे बनवणे), लोखंड वितळवणारी विजेची इंडक्शन भट्टी, कोअर (भागातील पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) बनवण्याचा छोटा विभाग, ओतल्यावर साचे फोडण्याची जागा, बारीक छर्रे मारून भाग साफ करण्याचे शॉट ब्लास्टिंग, आणि शेवटी फेटलिंग, म्हणजे कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) चिकटलेले जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढण्याचे काम. मालकांची एकच तक्रार होती : फेटलिंगला माणसे मिळत नाहीत, म्हणून माल वेळेवर जात नाही. विद्यार्थ्यांनी माणसे कमी लागतील असे काहीतरी सुचवावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांनी ती तक्रार जशीच्या तशी मान्य केली आणि ग्राइंडर वाढवण्याचा अहवाल लिहिला. प्राध्यापिकेने तो परत केला आणि एक साधा हिशेब करायला सांगितला. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो की एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती नग पडून असतात, हे दररोज किती नग बाहेर पडतात आणि प्रत्येक नग सरासरी किती काळ आत राहतो यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, रोज ३०० कास्टिंग फेटलिंगमधून बाहेर पडतात आणि तिथे २४०० कास्टिंगचा ढीग आहे, तर आज साचा फोडून निघालेले कास्टिंग सरासरी आठ दिवसांनी बाहेर पडेल. त्या आठ दिवसांत त्यातील भंगाराची, पिग आयर्नची (कच्च्या लोखंडाची) आणि विजेची किंमत अडकून पडलेली असते आणि त्यावर बँकेचे व्याज चालू असते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मालकांनी पहिल्यांदा विद्यार्थ्यांना बसायला खुर्ची दिली.

पुढचा प्रश्न असा की फेटलिंगला काम इतके येतेच का? विद्यार्थ्यांनी घासून काढलेल्या लोखंडाचे निरीक्षण केले, तेव्हा त्यातला मोठा भाग साच्याच्या दोन अर्ध्यांच्या जोडावर आलेल्या पातळ पापुद्र्याचा होता. पापुद्रा येतो तो साच्याची वाळू धरून ठेवणारी वरची आणि खालची पेटी एकमेकींवर नीट बसत नाही म्हणून, आणि पेटी नीट बसत नाही ती दोन्ही पेट्या जुळवणाऱ्या पिना आणि त्या ज्यांत बसतात ते बुश झिजले म्हणून. एका पेटीच्या पिना बदलण्याचा खर्च किरकोळ होता. तो इतकी वर्षे झाला नव्हता याचे कारणही विद्यार्थ्यांना शोधावे लागले : पेट्यांची देखभाल मोल्डिंगच्या सुपरवायझरकडे होती, फेटलिंगचा त्रास दुसऱ्याच्या खात्यात पडत होता, आणि फेटलिंगची मजुरी नगावर ठरलेली असल्याने जादा घासण्याचा बोजा कुठल्याच हिशेबात दिसत नव्हता. तो दिसत होता फक्त फेटलरच्या मनगटात. औद्योगिक अभियांत्रिकी म्हणजे काय हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण आजवर मिळालेले नाही. दुखणे एका ठिकाणी, मूळ दुसऱ्या ठिकाणी, आणि मधली साखळी कुणाच्याच नजरेत नाही.

पिना आणि बुश बदलण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. ढीग कमी झाला. ग्राइंडर घेण्याची गरज उरली नाही.

पावसाळ्याने जे शिकवले ते मला याहूनही महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्यांची नेहमीची इंटर्नशिप सुट्टीत होते, आणि सुट्टीत बेळगाव कोरडे असते. चाचणीतले विद्यार्थी मात्र जुलैमध्येही फौंड्रीत जात होते. उघड्यावर पडलेली नवी वाळू भिजली होती. ओल्या वाळूच्या मोल्डिंगमध्ये पाण्याचे प्रमाण साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास राखावे लागते. ते वाढले की वितळलेले लोखंड साच्यात पडताच वाफ होते, ती बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि कास्टिंगमध्ये हवेचे पोकळ डाग राहतात. रिजेक्शन (नाकारलेल्या नगांचे प्रमाण) वाढले की सुपरवायझर मोल्डरवर, म्हणजे साचे बनवणाऱ्यावर, ओरडत असे, मोल्डर वाळू मिसळणाऱ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली आला की सर्वांना वाटे की ओरडण्याचा उपयोग झाला.

याच टप्प्यावर वर्गात अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांचा नियंत्रण तक्ता शिकवला गेला, जो त्यांनी १९२४ साली मांडला. रोजच्या आकड्यातील चढउतार नुसता योगायोगाचा आहे की त्यामागे खरे कारण आहे, हे तो दाखवतो. पूर्वी तो सहाव्या सत्रात, पुस्तकातील आकड्यांवर शिकवला जात असे. आता फौंड्रीतील वहीवर शिकवला गेला. गणित सोपे आहे. समजा, रोज २०० नग तपासले जातात आणि सरासरी रिजेक्शन सहा टक्के आहे, तर निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराची वरची मर्यादा सुमारे अकरा टक्के आणि खालची सुमारे एक टक्का येते. म्हणजे एखाद्या दिवशी नऊ टक्के रिजेक्शन आले, तर त्या दिवशी काही वेगळे घडले असे म्हणायला आधार नाही, आणि त्यासाठी कुणाला बोल लावणेही व्यर्थ आहे. परंतु सलग आठ दिवस आकडा सरासरीच्या वर राहिला, तर कुठलाही एक दिवस मर्यादेबाहेर गेला नसतानाही काहीतरी बदलले आहे असे समजावे. पावसाळ्यात नेमके हेच घडत होते. वाळूवर शेड घालावी आणि दर पाळीला आर्द्रता मोजून लिहावी, ही सूचना त्यातून निघाली. जो विद्यार्थी फक्त मे महिन्यात कारखाना पाहतो त्याला ही सूचना कधीच सुचणार नाही, कारण त्याने जुलैची वाळू हातात घेतलेली नसते.

घड्याळ आणि मजुरी

चाचणी एकदा जवळजवळ मोडली होती. मोल्डिंगमध्ये वेळेचा अभ्यास करायला दोन विद्यार्थी घड्याळ आणि पाटी घेऊन उभे राहिले, तेव्हा एका वयस्क मोल्डरने काम थांबवून विचारले, "घड्याळ लावून आमची मजुरी कमी करायला आलाय काय? तुमच्या सायबाला सांगा, अगोदर आमच्याशी बोला म्हणावं." विद्यार्थ्यांकडे उत्तर नव्हते. त्या दिवशीची पाहणी तिथेच थांबली.

त्यांच्या अभ्यासक्रमात वेळेच्या अभ्यासाचे सूत्र होते. मोजलेल्या वेळेला कामाच्या गतीच्या मूल्यमापनाने गुणायचे आणि विश्रांती, थकवा, अडथळे यांची सवलत मिळवायची. चार मिनिटे मोजली, गती ११० टक्के धरली, तर सामान्य वेळ ४.४ मिनिटे. त्यावर पंधरा टक्के सवलत दिली की प्रमाण वेळ ५.०६ मिनिटे, आणि आठ तासांच्या पाळीत ९४ साचे. सूत्र बरोबर आहे. पण ११० हा आकडा निरीक्षकाच्या डोळ्याने ठरतो आणि पंधरा हा आकडा व्यवस्थापनाच्या मर्जीने ठरू शकतो. या दोन आकड्यांवर एका कुटुंबाचा महिन्याचा हिशेब अवलंबून असतो, हे सूत्राच्या खाली कुठेही लिहिलेले नव्हते. भट्टीजवळ एप्रिलमध्ये उभा राहणारा माणूस आणि थंड कोअर विभागात बसणारा माणूस यांना सारखीच सवलत देणे हा अन्याय आहे, हेही नव्हते.

या विद्येच्या इतिहासात मात्र ते लिहिलेले आहे. ११ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेतील वॉटरटाउन शस्त्रागारात कामाच्या वेळा घड्याळाने मोजण्याचे पुरस्कर्ते फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीने घड्याळ लावल्यावर कामगारांनी काम बंद केले, आणि काम बंद करणारे ते कामगार मोल्डरच होते. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेले. सरकारी शस्त्रागारांत घड्याळाने वेळेचा अभ्यास करण्यावर निर्बंध आले आणि ते १९४९ पर्यंत टिकले. उद्यमबागेतल्या त्या मोल्डरला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण प्राध्यापकांना तो माहीत असायला हवा होता, आणि विद्यार्थ्यांना तो पहिल्या घड्याळाआधी शिकवायला हवा होता, असे मी अभ्यासमंडळाच्या बैठकीत स्पष्ट सांगितले.

वाट काढली ती प्राध्यापिकेनेच. ती मालकांकडे गेली आणि या अभ्यासातून मिळालेल्या आकड्यांवर नगाचा दर कमी करणार नाही, असे लेखी मागून घेतले. मग सर्व मोल्डरांना एकत्र बसवून तो कागद वाचून दाखवला, मराठीत आणि कानडीत, कारण पाळीत दोन्ही भाषा बोलणारी माणसे होती. घड्याळ बाजूला ठेवून आधी वर्क सॅम्पलिंग करायचे ठरले. ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी ब्रिटनमधील कापडगिरण्यांत वापरात आणली. तिच्यात कुठल्याही एका माणसाच्या मागे घड्याळ घेऊन उभे राहावे लागत नाही. आधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या वेळांना विभागातून एक फेरी मारायची आणि त्या क्षणी काम चालू आहे की थांबले आहे, थांबले असल्यास कशासाठी, एवढेच लिहायचे. थांबण्याचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असावे असा अंदाज धरून आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल असे मानून ९५ टक्के विश्वासार्हतेसाठी सुमारे ३२३ निरीक्षणे लागतात. ती काही आठवड्यांत आरामात होतात.

निरीक्षणांतून जे निघाले त्याने मोल्डरांची बाजू बळकट झाली. काम थांबण्याच्या नोंदींत सर्वांत मोठे कारण वाळू येण्याची वाट पाहणे हे होते, त्यानंतर क्रेनची वाट पाहणे. विडी ओढायला किंवा गप्पा मारायला थांबण्याचा वाटा नगण्य होता. हा तक्ता फळ्यावर लावल्यावर तोच वयस्क मोल्डर एका विद्यार्थिनीला म्हणाला, "पोरी, आता लाव तुझं घड्याळ. पण वाळूच्या गाड्यालाबी लाव." तिने तसे केले. वाळूची फेरी किती वेळाने येते हे मोजले गेले आणि फेऱ्यांचा क्रम बदलण्यात आला.

भाषेची बाब इथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी आहे, मालकाशी बोलणे मराठीत होते, आणि कामगारांत मराठी, कानडी, शिवाय उत्तर भारतातून आलेल्यांची हिंदी. निरीक्षणाचा तक्ता पहिल्यांदा इंग्रजीत होता आणि म्हणून तो फक्त विद्यार्थ्यांनाच वाचता येत होता. विद्यापीठाच्या योजनेत बिगरकानडी विद्यार्थ्यांसाठी व्यावहारिक कन्नडचा विषय असतो. बहुतेक जण तो उत्तीर्ण होण्यापुरता शिकतात. चाचणीतील मराठी विद्यार्थ्यांनी मात्र त्याच विषयाच्या शिक्षकांच्या मदतीने तक्ता कानडीत तयार केला आणि आपला मराठीतला तक्ता त्याच्या शेजारी लावला. त्यानंतर यंत्र थांबल्याचे कारण कामगार स्वतः खूण करून नोंदवू लागले. सीमाभागात भाषेवरून जे काही बोलले जाते त्यात मी पडत नाही. एवढेच म्हणतो की ज्या माणसाच्या कामाची नोंद करायची ती त्याला वाचता आली पाहिजे, आणि इथल्या मुलांना दोन्ही बाजूंना बोलता येणे ही अभियंता म्हणून त्यांची मोठी पुंजी आहे.

आराखड्यातील बदल

वर्षाच्या शेवटी अभ्यासमंडळ पुन्हा बसले आणि दुसरा प्रस्ताव दुरुस्तीसह मान्य झाला. नाव तसेच राहिले. चार वर्षांची १६० श्रेयांकांची (क्रेडिटची) चौकट पाळणे भाग होते, त्यामुळे नवे काही घालायचे तर जुने काही काढावेच लागणार होते, आणि खरा संघर्ष तिथे झाला. यंत्ररचनेचा एक विषय आणि धातुकर्तनाच्या सिद्धांताचा अर्धा विषय कमी करण्यात आला. ज्या प्राध्यापकांनी ते विषय वीस-वीस वर्षे निष्ठेने शिकवले होते, त्यांना हे दुखले. त्यांचा आक्षेप पूर्णपणे चुकीचा नव्हता. यंत्र कसे बनते हे न कळणारा औद्योगिक अभियंता कारखान्यात वरवरचा राहतो. म्हणून धातुकर्तनाचा उरलेला अर्धा भाग प्रत्यक्ष मशीन शॉपमध्ये शिकवण्याचे ठरले.

विषयांचा क्रम उलटा झाला, आणि माझ्या मते संपूर्ण पुनर्रचनेचा गाभा हाच आहे. आधी संख्याशास्त्र, मग गुणवत्ता नियंत्रण, मग ऑपरेशन्स रिसर्च (निर्णयांसाठी गणिताचा वापर) आणि शेवटी प्रकल्प, असा जुना क्रम होता. आता तिसऱ्या सत्रात विद्यार्थी कारखान्यात जाऊन एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो आणि तिच्या प्रवासाचा नकाशा काढतो. चौथ्या सत्रात कामाचा अभ्यास, त्याच्या इतिहासासह आणि मजुरीच्या प्रश्नासह. पाचव्या सत्रात संख्याशास्त्र आणि नियंत्रण तक्ते एकत्र, त्याच कारखान्याच्या आकड्यांवर. सहाव्यात साठा, रांगा आणि वेळापत्रक. संगणकीय विश्लेषण आणि अनुकरणाचे (सिम्युलेशनचे) विषय सातव्या सत्रात आले, जेव्हा विद्यार्थ्याच्या हातात स्वतः जमवलेली दोन वर्षांची नोंद असते. आठवे सत्र प्रकल्पाचे. रोबोटचा हात विकत घेतला गेला नाही. त्याऐवजी वाळूची आर्द्रता मोजण्याची उपकरणे, भट्टीजवळची उष्णता मोजण्याचे साधन आणि आवाज मोजण्याची यंत्रे घेतली गेली, जी कारखान्यात नेता येतात.

मूल्यमापनाचा प्रश्न नाजूक होता. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाल्यापासून मानांकनासाठी विद्यार्थ्याच्या अंगी कोणत्या क्षमता आल्या हे दाखवावे लागते, आणि बहुतेक विभाग हे काम प्रश्नपत्रिकेला क्षमतांचे क्रमांक जोडून उरकतात. इथे एक वेगळी अट घालण्यात आली : प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला कारखान्यातील एक कामगार किंवा सुपरवायझर उपस्थित राहील, विद्यार्थ्याने आपले काम त्याला समजेल अशा भाषेत सांगावे, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यावे. त्याला गुण देण्याचा अधिकार नाही, पण त्याचे प्रश्न परीक्षकाच्या नोंदीत लिहिले जातात. पहिल्या परीक्षेला आलेल्या एका फेटलरने विचारलेला प्रश्न, "ढीग कमी झाला, मग माझं काम कमी होऊन मला घरी बसवणार काय?" हा कुठल्याही प्रश्नपत्रिकेतील प्रश्नापेक्षा अवघड होता. विद्यार्थ्याला आकडे ठाऊक होते, उत्तर ठाऊक नव्हते. पुढच्या तुकडीला त्या प्रश्नाचा अभ्यास चौथ्या सत्रातच करावा लागतो.

अजून न सुटलेले

प्रवेश एकदम वाढले असे झालेले नाही. जागा साठवरून कमी करून घेण्यात आल्या, आणि व्यवस्थापनाने ते मान्य केले हे मी त्यांच्या बाजूचे मोठे पाऊल मानतो. फरक पडला तो असा की बारावीनंतर ही शाखा मागून घेणारी काही मुले आता दिसू लागली आहेत, आणि त्यांतली बरीच उद्यमबाग किंवा मच्छेत काम करणाऱ्या माणसांची मुले आहेत. आपल्या वडिलांचे काम वर्गात शिकवले जाते हे त्यांना घरातून कळलेले असते.

प्राध्यापकांच्या वेळेचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. कारखान्यात घालवलेला तास विद्यापीठाच्या वेतनश्रेणीत आणि पदोन्नतीत मोजला जात नाही. शोधनिबंध मोजला जातो. ज्या प्राध्यापिकेने हे उभे केले, तिची पदोन्नती या काळात लांबली. विभागाने फौंड्रीतील कामाला अध्यापनाचा तास मानण्याचा ठराव केला आहे, पण तो महाविद्यालयाच्या आत चालतो, बाहेर नाही. हे बदलले नाही तर ही रचना एका माणसाच्या उत्साहावर उभी राहील आणि ती व्यक्ती थकली की कोसळेल, असे मला स्पष्ट दिसते, आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलून दाखवतो.

कारखान्यांची बाजूही सरळ नाही. मोठे कारखाने विद्यार्थ्यांना आत घेतात, पण आकडे देत नाहीत. लहान वर्कशॉप आकडे द्यायला तयार असतात, पण त्यांच्याकडे ते नसतात. मध्यम फौंड्री हीच शिकण्याची उत्तम जागा आहे असा विभागाचा अनुभव आहे, आणि अशा जागा मोजक्याच आहेत. शिवाय फौंड्री म्हणजे सगळा जिल्हा नव्हे. वडगाव, खासबाग आणि शहापूरचे विणकर, निपाणीतील तंबाखू आणि विड्यांचे काम करणाऱ्या बायका, खानापूरची कौले आणि मातीकाम, उगारपासून संकेश्वरपर्यंतचे साखर कारखाने, या सर्वांना कामाच्या अभ्यासाची गरज आहे. साखर कारखान्याच्या गाळप हंगामात उसाच्या गाड्या गव्हाणीसमोर तासन्‌तास उभ्या राहतात, आणि रांगेच्या गणिताला याहून जिवंत प्रयोगशाळा मिळणार नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या बसण्याचा आणि मानेच्या दुखण्याचा अभ्यास हा तर कारखान्याच्या नफ्याशी संबंध नसलेला, तरीही या विद्येच्या अगदी मध्यभागी असलेला विषय आहे.

अभ्यासमंडळाच्या गेल्या बैठकीत त्यावर चर्चा झाली. पुढील वर्षी तिसऱ्या सत्रातील एक गट वडगावच्या यंत्रमागांवर आणि एक गट गाळप हंगामात एका साखर कारखान्यात जाईल, असे ठरले आहे. निपाणीचे काम तूर्त पुढे ढकलले गेले, कारण विडीकाम घराघरांतून चालते, तिथे जाण्यासाठी आधी त्या बायकांच्या संघटनेशी बोलावे लागेल, आणि त्यांचा दर कमी होणार नाही असा कागद कुणाकडून लिहून घ्यायचा हे अद्याप ठरलेले नाही.